निर्दोषतेचा अहंकार

नाटकातला गुन्हेगार रंगमंचावर आला की आपण टाळ्या का वाजवतो, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळीत आला आहे. घरात चोर शिरला तर आपण त्याला चोप देऊ. परंतु तिकीट काढून पाहिलेला चोर आपल्याला आवडतो. कोणी म्हणेल, ती टाळी नटाला असते, पात्राला नसते. हे उत्तर सोयीचे आहे. पण ते अर्धेच खरे आहे. नट तेवढाच चांगला असला आणि पात्र धांदरट असले, तर त्याच्या वाट्याला हशा येतो, दरारा येत नाही. आपल्याला जिंकते ती गुन्ह्यातली सफाई. सफाई दिसली की ती कशासाठी वापरली आहे, हे पाहायचे आपण घटकाभर विसरतो.

या घटकाभराच्या विसराचा विचार मला येथे करावयाचा आहे. कारण नाटकातला गुन्हेगार ज्या तीन गोष्टींनी घडतो, त्या म्हणजे लोकांचे कौतुक, स्वतःविषयीचा अहंकार आणि काम अगदी निर्दोष करण्याचा ध्यास. आणि यांपैकी निदान पहिली व तिसरी तरी आम्ही शिक्षकमंडळी वर्गात रोज पेरीत असतो. दुसरी आपोआप उगवते.

आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली दिल्लीत प्रथम रंगमंचावर आले. माधव काझी नावाच्या भामट्याच्या प्रत्यक्ष खटल्यावरून ते सुचलेले. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. गावोगाव निरनिराळी नावे घेऊन त्याने लग्ने केली, संसार मांडले आणि माणसे लुबाडली, असा आरोप आहे. साक्षीदार एकामागून एक येतात, त्याच्याकडे बोट दाखवितात, आणि हा शांतपणे म्हणतो की तो मनुष्य मी नव्हे. वकीलही त्याने दिलेला नाही. उलटतपासणी तो स्वतःच घेतो. फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकरांनी त्याची पाच रूपे उभी केली. प्रत्येक रूपाची बोली वेगळी, चाल वेगळी, पेहराव वेगळा.

हे नाटक पाहताना मला नेहमी वाटते की, लखोबाला पैशापेक्षा आपले कसब अधिक प्रिय असावे. नुसता पैसाच हवा असता तर एवढी मेहनत कोण करील? पिंजऱ्यातसुद्धा सुटकेइतकाच आनंद त्याला साक्षीदाराला निरुत्तर करण्यात होतो. प्रत्येक नावाखालचा ‘मी’ तो नाकारतो. आणि इतके ‘मी’ नाकारूनही एक अवाढव्य ‘मी’ मागे उरतोच, ज्याला साऱ्या जगापेक्षा आपण हुशार आहोत एवढेच ठाऊक असते. प्रेक्षागृहात बसलेल्या आपली गंमत अशी की, फसवली गेलेली बाई साक्षीच्या पिंजऱ्यात उभी असते, तिचे आयुष्य उद्ध्वस्त झालेले असते, आणि आपण लखोबाच्या पुढच्या वाक्यासाठी कान टवकारून बसतो. ती बाई आपल्याला त्याच्या कसबाचा पुरावा म्हणूनच तेवढी हवी असते. लखोबा स्वतः तरी तिच्याकडे याहून वेगळ्या दृष्टीने कुठे पाहत होता?

पणशीकरांनी पुढे आत्मचरित्र लिहिले, त्याचे नाव ‘तोच मी’. मला हे नाव फार अर्थपूर्ण वाटते. सोंगे नटानेही घेतली आणि भामट्यानेही घेतली. सफाई दोघांचीही सारखीच. परंतु नट पडदा पडल्यावर पुढे येऊन ‘तो मीच’ म्हणतो, आणि भामटा ‘तो मी नव्हेच’ म्हणत सटकतो. कसबात भेद नाही. केलेल्या कामाचे ओझे उचलण्यात आहे.

अहंकाराला सफाईची एवढी गरज का लागते, हे दोस्तोयेव्हस्कीने आपल्या १८६६ सालच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’ या कादंबरीत दाखविले आहे. तिचा नायक रास्कोल्निकोव्ह हा पीटर्सबर्गमधला एक गरीब, शिक्षण सुटलेला विद्यार्थी. नेपोलियनविषयीच्या कौतुकाने तो झपाटलेला आहे. असामान्य माणसाला कायदा ओलांडण्याचा अधिकार असतो, असे त्याने स्वतःला पटवून दिले आहे. सावकारीण म्हातारीच्या घरापर्यंतची पावलेसुद्धा त्याने मोजून ठेवली आहेत, बरोबर ७३० ! आणि खुनाच्या दिवशी हा हिशेबी मनुष्य दार लावून घ्यायचे विसरतो. त्या उघड्या दारातून म्हातारीची निरुपद्रवी सावत्र बहीण आत येते आणि तीही मारली जाते. स्वतःच्या मोठेपणाकडे डोळे लागलेल्या माणसाला पावले मोजता येतात. उघडे दार मात्र दिसत नाही.

परंतु लखोबा काय किंवा रास्कोल्निकोव्ह काय, त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. मला खरी भीती वाटते ती प्राध्यापक विद्यानंदांची. वसंत कानेटकरांचे ‘अश्रूंची झाली फुले’ १९६६ साली रंगभूमीवर आले. कानेटकर स्वतः नाशिकला महाविद्यालयात शिकवीत असत. शिक्षकाचे मन त्यांना आतून ठाऊक होते. विद्यानंद तत्त्वनिष्ठ, स्वच्छ, विद्यार्थ्यांचे दैवत. संस्थेतली भ्रष्ट माणसे त्यांच्यावर अफरातफरीचे खोटे बालंट आणतात, त्यांना तुरुंग घडतो, आणि बाहेर येतो तो सूडाने पेटलेला गुन्हेगार. योगायोग असा की, विद्यानंदांची भूमिकाही पणशीकरांनीच केली.

अन्याय भयंकर होता, यात शंका नाही. निरपराध असून तुरुंग भोगलेल्या माणसाच्या दुःखावर घरी बसून मत देणे फार सोपे. तरीही एक प्रश्न विचारावासा वाटतो. विद्यानंदांची सचोटी खरी होती. मग ती एका खोट्या आरोपाने का संपावी? माझे उत्तर असे की, त्या सचोटीला एक छुपी अट होती. ती निष्कलंक दिसली पाहिजे! वर्गात दरवर्षी एखादा तरी मुलगा असा असतो की, वहीत शाईचा एक डाग पडला तर तो पान फाडतो. मग दुसरे फाडतो. अक्षर मोत्यासारखे असते, सगळा वर्ग त्याला नावाजतो. पण वर्षअखेर वहीचे नुसते पुठ्ठे उरायची पाळी येते. विद्यानंदांनी असेच केले. डाग दुसऱ्याने टाकला होता, पान मात्र त्यांनी स्वतः फाडले. जगाने मला चोर ठरविले ना, मग आता चोरच होऊन दाखवितो, या त्वेषात दुःख आहेच. परंतु दुःखाच्या तळाशी अहंकारही आहे. आपल्या चांगुलपणावर प्रेम करणे आणि चांगले असणे, या दोन गोष्टी सुखाच्या दिवसांत ओळखू येत नाहीत. डाग पडला म्हणजे त्या वेगळ्या होतात.

या नाटकातच कौतुकाचा दुसरा, निरोगी प्रकारही आहे. वाया गेलेला म्हणून समजला जाणारा उनाड विद्यार्थी लाल्या सरांच्या प्रभावाने सुधारतो आणि पोलीस अधिकारी होतो. गुरू गुन्हेगार आणि शिष्य कायद्याचा रखवालदार, असा हा उलटा सामना आहे. लाल्याची भक्ती केवळ सरांच्या मूर्तीवर असती, तर मूर्ती फुटताच तीही फुटली असती. परंतु सरांनी शिकविलेली गोष्ट त्याने सरांपासून वेगळी करून जपली होती. गुरू पडला तरी धडा पडू न देणे, हीच मला कौतुकाची खरी परीक्षा वाटते.

लाल्या अजरामर केला तो डॉ. काशीनाथ घाणेकरांनी. व्यवसायाने दंतवैद्य असलेला हा नट इतका लोकप्रिय झाला की, नामावळीत शेवटी ‘आणि डॉ. काशीनाथ घाणेकर’ अशी अक्षरे झळकत. २०१८ सालच्या चित्रपटाने तेच शब्द नाव म्हणून घेतले, आणि त्याचा विषयही टाळ्यांची ही नशाच आहे. १९८६ साली घाणेकर आमच्या शेजारच्या अमरावतीत वारले. टाळी ही नटाचे अन्न आहे. परंतु नुसत्या टाळीवर जगायला निघालेल्या माणसाला, मग तो नट असो, शिक्षक असो की पुढारी, भूक कधी पुरी होत नाही.

मग निर्दोष कामाचा ध्यास धरूच नये काय? तसे नाही. आमच्या वर्धा जिल्ह्यात या ध्यासाची एक वेगळीच रीत रुजली. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहावयास आले आणि १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली गेली. सूतकताईत ढिलाई चालत नाही. सूत एकसारखे हवे, पीळ नेमका हवा. पण सूत तुटतेच. चांगल्या कातणाऱ्याचेही तुटते. तुटले म्हणून कोणी चाती फेकून देत नाही. तुटलेली टोके सांधायची आणि पुढे कातायचे. पवनारच्या विनोबांनी ज्या गीतेवर आयुष्यभर चिंतन केले, तिच्या दुसऱ्या अध्यायात कर्मातल्या कौशल्याला योग म्हटले आहे. परंतु त्याच अध्यायात त्याआधी समत्वालाही योग म्हटले आहे. लखोबाजवळ कौशल्य होते. विद्यानंदांजवळ कौशल्य होते आणि शीलही होते. समत्व दोघांजवळही नव्हते. मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीस दरोडेखोरांनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली, तेव्हा तुटलेले सूत किती उशिरा सांधता येते, हे देशाने पाहिले.

म्हणून वर्गात कशाचे कौतुक करावे, याचा विचार मला महत्त्वाचा वाटतो. डाग नसलेली वही दिसायला सुंदर असते. परंतु डागाखाली रेघ मारून त्याच पानावर पुढे लिहिणाऱ्या मुलाच्या हातात मला अधिक भरवसा दिसतो. आयुष्य त्याला फारसे फसवू शकणार नाही. आणि शिक्षकापुरते बोलायचे, तर आपल्या पायांवर डोके ठेवणारे विद्यार्थी पुष्कळ लाभतात. मला मात्र एखादा लाल्या हवा. मी घसरू लागलो तर माझे पाय धरण्याऐवजी जो माझा हात धरील.