हुबेहूब

‘हुबेहूब’ हा शब्द आपण किती सढळ हाताने वापरतो! रांगोळीतला मोर हुबेहूब, नकलाकाराचा आवाज हुबेहूब, आणि बारशातले बाळ तर हुबेहूब आजोबा! मूळ फारसी शब्द ‘हूबहू’. त्यातला ‘हू’ अरबी, अर्थ ‘तो’. म्हणजे ‘तो तोच’. मराठीत येता येता त्याच्या शेपटाला एक ‘ब’ चिकटला. सारखेपणा सांगणारा शब्द स्वतःच मुळासारखा राहिला नाही, याची मला मोठी गंमत वाटते.

‘तंतोतंत’चे घराणे निराळे. तो तंतूचा, म्हणजे धाग्याचा. इचलकरंजीचे माग जवळच असल्याने आमच्याकडे तो समजावताना खडू फारसा झिजत नाही. जमाखर्च तंतोतंत जुळावा लागतो; तिथे सूतभर फरक म्हणजे दोष. ‘हुबेहूब’चे तसे नाही. खुर्चीत बसलेल्या आजोबांना कोणी ‘हुबेहूब आजोबा’ म्हणत नाही. या शब्दाला दोघे लागतात. बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’तला कीचकवध १९२० साली इतका हुबेहूब वठला, की सेन्सॉरने तो कापायला लावला, पण कीचक झालेला नट रात्री घरी जेवायला गेलाच असेल ना!

आमचे जयसिंगपूर शाहू महाराजांनी १९१७ साली वसवले आणि त्याला वडिलांचे, जयसिंगराव घाटग्यांचे नाव दिले. नाव जुने, पण गाव नवे. गल्ल्या आखीव, क्रमांकांच्या. पाहुणे म्हणतात, सगळ्या एकसारख्या. आणि भलत्याच घराची कडी वाजवतात. राहणाऱ्याला मात्र त्या कधी सारख्या दिसत नाहीत.

माणसांच्या बाबतीत आपण पुष्कळदा पाहुण्यांसारखेच वागतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. तरुणपणी वारलेल्या काकाचे नाव त्याला ठेवलेले. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, “हुबेहूब माझा ल्योक बघा!” काका पेटी वाजवी, म्हणून याच्यापुढेही पेटी. याचा जीव सायकलची चाके खोलण्यात. आजीच्या दुःखाला नावे कोण ठेवील? पण त्या मायेतली त्याची स्वतःची वाटणी किती, हे मला आजही उलगडत नाही. काका माझा वर्गमित्र. एके दिवशी शाळा सुटल्यावर पोराने हळूच विचारले, “गुरुजी, काकांना गणित यायचं का हो?”

“छे रे, कच्चा होता.”

पोर चक्क हसले. पुढे ते गणिताची वही न मागता दाखवू लागले.