तारेवरची धूळ

गाडीतला मास एअरफ्लो सेन्सर खोटं बोलत नाही, फक्त चुकीचं सांगतो. या दोन गोष्टींत फरक आहे का? आणि असला, तर त्या फरकामुळे कुणाचा गुन्हा कमी होतो का?

आधी यंत्र समजून घेऊ. एअर फिल्टरचा डबा आणि थ्रॉटल यांच्या मधल्या नळीत हा सेन्सर बसतो. त्याच्या आत केसासारखी बारीक प्लॅटिनमची तार असते. हल्लीच्या सेन्सरमध्ये तारेऐवजी पातळ पापुद्रा असतो. विजेने ती कायम तापलेली ठेवतात. हवा वाहिली की ती गार होऊ लागते, गरम चहावर फुंकर मारावी तशी. तिला तेवढीच गरम ठेवायला किती वीज लागली, यावरून किती वजनाची हवा आत गेली ते कळतं. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणून इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, या तारेला विचारूनच पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. (तुमच्या गाडीत हा सेन्सर आहे का, ते आधी बघा. अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत तो नसतो, हवेचा दाब मोजणारा दुसराच सेन्सर असतो.)

आता तारेवर धूळ बसली. धूळ म्हणजे गोधडी. वारा तारेच्या अंगाला लागतच नाही, ती कमी गार होते आणि सांगते, "हवा थोडीच आली." ईसीयू विश्वास ठेवतो, पेट्रोल कमी सोडतो, आणि चढावर गाडी दम टाकते. यात चुकलं कोण? तारेला जे जाणवलं तेच तिने सांगितलं. ईसीयूने मिळालेल्या बातमीवर बिनचूक गणित केलं. इंजिनाने हुकूम पाळला. सगळे प्रामाणिक, आणि गाडी रस्त्याच्या कडेला.

"मला खरंच तसं वाटलं" हे वाक्य आपण माफीनाम्यासारखं वापरतो. विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली या वाक्यावरच बोट ठेवलं. त्याच्या निबंधात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्ती हवी, हे त्याला माहीत असतं. पण इतक्या सफरी झाल्या, ही पण होईल, अशी तो स्वतःची समजूत घालतो. शेवटी त्याला ते मनापासून खरं वाटू लागतं. जहाज लोकांसकट बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, त्याची श्रद्धा खरी होती, पण ती बाळगायचा त्याला हक्क नव्हता.

आमच्या खानदेशात हा प्रश्न निबंधातला राहिलेला नाही. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला. बरोबर वीस वर्षांनी, १ जुलै २०१८ च्या रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज तेव्हा फोनाफोनांवर फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकलं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. अफवा खरी असती तरी मारायचा हक्क कुणालाच नव्हता. पण क्षणभर असं धरू की त्या गर्दीतल्या काही जणांना खरोखर भीती वाटली होती, पोटच्या पोरांची. हे धरायला जड जातं, तरी धरू. मग त्यांचं काय चुकलं? "त्यांनी आधी खात्री करायला हवी होती" हे उत्तर क्लिफर्डचं, आणि ते मला अपुरं वाटतं. ईसीयू सेकंदात कितीतरी वेळा निर्णय घेतो. दर वेळी तारेची चौकशी करत बसला तर गाडी जागची हलणार नाही. आपलंही तसंच आहे. दूधवाला, डॉक्टर, एसटीचा ड्रायव्हर, सगळ्यांवर विश्वास टाकूनच दिवस पार पडतो. आणि गर्दीत उभ्या, घाबरलेल्या माणसाला तर तपासायची बुद्धीच उरत नाही.

म्हणून मला वाटतं, दोष त्या घटकेत शोधून पुरेसा सापडत नाही. थोडा तरी तो त्याआधीच्या शांत दिवसांत असतो, गाडी घरासमोर उभी होती आणि बॉनेट उघडायला कुणाची हरकत नव्हती, त्या दिवसांत. अनोळखी चेहरा, मळके कपडे, भटकी जात म्हणजे चोर, हा थर त्या रविवारी बसलेला नव्हता. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला. सगळ्याच भटक्या जमाती त्या यादीत नव्हत्या, पण संशय यादी बघून थांबला नाही. मेसेज फक्त वारा होता. त्याला चुकीचं मोजणारी तार आधीच तयार होती.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणायला घेतली. चांगलं केलं. पण हा झाला एअर फिल्टर. तारेवर जे आधीच बसलंय, ते फिल्टर बदलून जात नाही.

रनाळ्यात एका मित्राची जुनी गाडी अशीच दम टाकत होती. रनाळे म्हणजे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर नंदुरबार आणि दोंडाईचाच्या मधलं गाव. उन्हाळ्यात रस्त्याची आणि शेताची धूळ इथे दाराच्या फटीतूनसुद्धा घरात येते. मित्राने ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावून फोनवर आकडे काढले. ईसीयू कितीतरी दिवस ठरल्यापेक्षा जास्त पेट्रोल सोडत होता. कारण त्याच्याकडे दुसरा साक्षीदार असतो: धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर. तो मागून ओरडतो, "पेट्रोल कमी पडतंय!" मग ईसीयू गुपचूप भर घालतो. याला फ्यूल ट्रिम म्हणतात. ही भर साधारण पाव हिश्श्याच्या आसपास पोचेपर्यंत बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डवर दिवासुद्धा लागत नाही.

सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते या ट्रिमने. दुसरा साक्षीदार हवाच, त्याच्याशिवाय सगळाच अंधार. पण सांभाळून घेणं आणि साफ करणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. प्रत्येक घराच्या ग्रुपवर एक काका असतात, अमक्या लोकांबद्दल ठरावीक मेसेज टाकणारे. आपण म्हणतो, "काका तसेच आहेत, सोड ना." म्युट करतो. लग्नात त्यांच्या पाया पडतो. घर चालू राहतं, दिवा लागत नाही, आणि थर वाढत जातो. समजूतदारपणा म्हणून ज्याचं आपल्याकडे कौतुक होतं, त्यातला बराचसा फ्यूल ट्रिम असतो.

मग साफ कसं करायचं? सेन्सरपुरतं सांगता येतं. गाडी बंद, इंजिन थंड. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. सेन्सरची पिन तिचं लॉक दाबून सोडवा, वायर ओढू नका. दोन स्क्रू, बऱ्याचदा टॉर्क्सचे, आणि सेन्सर सरळ बाहेर. खास याच सेन्सरसाठी मिळणारा क्लीनर थोड्या अंतरावरून दहा-पंधरा वेळा फवारा. कार्ब्युरेटरचा किंवा ब्रेकचा क्लीनर चालत नाही, तो प्लास्टिक आणि वरचा लेप खाऊ शकतो. आणि तारेला हात लावायचा नाही. बोट नाही, कापूस नाही, ब्रश नाही, फुंकरही नाही. आपल्याला घासल्याशिवाय साफ झाल्यासारखं वाटतच नाही. मित्राने तर खिशातून रुमाल काढलाच होता. त्याला थांबवलं. मग अर्धा तास नुसतं बसून राहायचं, सेन्सर आपोआप पूर्ण वाळेपर्यंत. ओला असताना जोडला तर तार जाऊ शकते. जोडताना बाणाची दिशा बघायची.

वाळायची वाट बघताना काकांचा विषय निघालाच. मित्राचं म्हणणं, त्यांना ग्रुपवर सगळ्यांदेखत खोटं पाडलं पाहिजे. मी म्हटलं, ते घासणं झालं. तो म्हणाला, "आणि तू जे करतोस ते काहीच न करणं झालं." त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. लांबून फवारायचं आणि वाळू द्यायचं, हे माणसाच्या बाबतीत नेमकं कसं करतात? एकट्याला गाठून, चहा पीत, पुन्हा पुन्हा, असं काहीसं मी म्हणालो. त्याला ते पटलं नाही. मलाही अर्धंच पटलं होतं, कारण राईनपाड्यासारख्या दिवसाला अर्धा तास थांबायची सवड नसते.

सेन्सर बसवला. आठवडाभराने आकडे बरेच खाली आले होते, पण पूर्ण नाही. फिल्टरचा डबा उघडला तेव्हा फिल्टर कडेने फाटलेला निघाला.

बॉश कंपनीच्या १९८० च्या दशकातल्या सेन्सरमध्ये मात्र एक वेगळी सोय होती. गाडी बंद केली, माणसं उतरली, की तारेतून एक जोराचा प्रवाह जायचा. सेकंदभर ती हजार अंशांच्या आसपास तापून लाल व्हायची आणि दिवसभराची धूळ जाळून टाकायची. पुढच्या सेन्सरांमधून ही सोय हळूहळू काढून टाकली गेली. धूळ मुळातच कमी बसेल अशी रचना जमली, असं इंजिनिअर लोकांना वाटलं.