रजिस्टरातलं अठरा

मोखाड्याच्या एका उपकेंद्रातली वसईची नर्स आणि तिच्या गावचे निवृत्त धर्मगुरू. दोघंही माझ्या कल्पनेतली. पेच मात्र जव्हार-मोखाड्यातला, खराखुरा.

– फादर, पोर सोळाची आहे, पाचवा महिना. नवऱ्याने वीटभट्टीची उचल घेतलीय. खरं वय लिहिलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागेल. तो आत जाईल, आणि पाड्यावरच्या बाकीच्या पोरी घरीच बाळंत होतील. अठरा लिहू?

– नको, बाय.

– शिप्रा आणि पुवा या सुइणी फारोशी खोटंच बोलल्या ना? इब्री बायका आम्ही पोचायच्या आत मोकळ्या होतात, म्हणाल्या. देवाने त्यांचं भलंच केलं.

– संत ऑगस्टीन म्हणतो, ते दयेचं फळ, खोट्याचं नव्हे.

(हे उत्तर मला पळवाटीचं वाटतं. थाप मारली नसती तर त्या दयेला हातपाय कुठून फुटले असते?)

– पण पोलिसांना हे कळायचा हक्क तरी आहे का?

– 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात खोट्याच्या व्याख्येला अशी हक्काची अट होती. 1997 च्या सुधारित आवृत्तीत ती काढली. आता समोर कोणीही असो, खोटं ते खोटंच.

– मग गप्प बसते.

– ऑगस्टीननेच थागास्तेच्या फिर्मस बिशपची गोष्ट लिहून ठेवलीय. त्याने एका माणसाला लपवलं होतं. शिपायांना म्हणाला, खोटं बोलणार नाही आणि पत्ताही सांगणार नाही. छळ सोसला. शेवटी बादशहाने त्या माणसाला माफ केलं.

– फिर्मसला रजिस्टर भरायचं नव्हतं! मी कळवलं नाही तर कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

– ती तुला होईल. सुइणींनीही स्वतःचीच मान धोक्यात घातली होती. अठरा लिहिलंस तर भोगणार कोण? सोळाची आई जोखमीची. कागदावर अठरा दिसलं की तिच्याकडे तेवढं लक्ष राहत नाही. 1992-93 मध्ये इथल्याच वावर-वांगणीची मुलं कुपोषणाने गेली. कोवळ्या आया कागदावरून पुसल्या, तर इथल्या बाळांसाठी सरकारशी भांडणार कशाच्या जोरावर?

– सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव न कळवण्याची मुभा डॉक्टरांना दिली. हिला मूल हवंय, फादर. हिच्यासाठी काय?

फादरांकडे याला उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. वय खरंच लिहावं, इथपर्यंत मी त्यांच्या बाजूचा. पुढचा पेच एकट्या नर्सच्या विवेकावर टाकणं अन्यायाचं आहे. विधी आयोगाने 2023 मध्ये सुचवलं, की संमतीचं वय अठराच ठेवावं, पण सोळा ते अठराच्या मुलीची मूक मान्यता दिसली तर शिक्षेबाबत न्यायाधीशाला मोकळीक द्यावी. शिक्षा खटल्यानंतर होते. पाडा घाबरतो तो त्याआधीच्या अटकेला, आणि तिच्यावर या सूचनेत उपाय नाही.