मुलाने खेळात पैसे घालवले : दोष कुणाचा, जबाबदारी कुणाची?



मूल आईच्या मोबाइलवर खेळत बसते. काही दिवसांनी आई दुकानात पैसे द्यायला फोन काढते, तेव्हा लक्षात येते की खात्यात पैसेच नाहीत. चौकशी केल्यावर कळते, की बाहेरच्या कुणी ते चोरलेले नाहीत. घरातल्याच लेकराने खेळातल्या वस्तू विकत घेण्यात ते घालवले आहेत. मग घरात एकच गोंधळ उडतो. बाबा आईला म्हणतात, "तू कशाला दिलास त्याच्या हातात फोन?" आई म्हणते, "तुम्ही घरी असता कधी?" दोघे मिळून मुलाला बोलतात आणि शेवटी सगळे मिळून त्या खेळाच्या कंपनीला शिव्या घालतात.

या भांडणात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. दोष कुणाचा, हा एक प्रश्न. जबाबदारी कुणाची, हा दुसरा. दोष चौघांत वाटता येतो. जबाबदारी मात्र तशी वाटून हलकी होत नाही. आज या दुसऱ्या प्रश्नाचा ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रकाशात विचार करू या.

दोन घटना

ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईतल्या जोगेश्वरीच्या एका सोळा वर्षांच्या मुलाने पब्जी या खेळापायी आईच्या खात्यातले सुमारे दहा लाख रुपये खर्च केले. आईवडिलांना ते कळले आणि ते रागावले. मुलगा चिठ्ठी लिहून घरातून निघून गेला. पोलिसांत तक्रार झाली आणि सुदैवाने तो अंधेरीत महाकाली लेण्यांच्या परिसरात सापडला. त्याची समजूत घालून पोलिसांनी त्याला आईवडिलांच्या स्वाधीन केले. दहा लाख रुपये ही लहान रक्कम नव्हे. पण मूल घरात नाही हे कळल्यावर त्या आईला पैशांची आठवण तरी राहिली असेल का?

त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२० मध्ये, पंजाबातल्या खरड येथील एका सतरा वर्षांच्या मुलाने असेच सोळा लाख रुपये घालवले. त्यात वडिलांच्या औषधोपचारासाठी साठवलेले पैसे होते. फोन अभ्यासासाठी हवा असे तो घरी सांगत असे आणि बँकेचे मेसेज आईला दिसण्याआधी पुसून टाकत असे. उघडकीस आल्यावर वडिलांनी त्याला स्कूटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लावले. पैसे कमावणे किती कष्टाचे आहे हे त्याला कळावे, असा त्यांचा हेतू होता.

या घटना मोठ्या रकमांच्या म्हणून वर्तमानपत्रांत आल्या. पाचशे, दोन हजार, आठ हजार गेले तर बातमी होत नाही. पण महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात तेवढ्यानेही किराणा आणि शाळेची फी अडते.

उघडा खड्डा आणि घराचा कठडा

पवित्र शास्त्रात मोबाइल नाही, पण हा प्रश्न आहे. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात देवाने आपल्या लोकांना एक साधा नियम दिला आहे. कुणी खड्डा खणला आणि तो झाकला नाही, आणि त्यात दुसऱ्याचा बैल किंवा गाढव पडले, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यावी. बैल आंधळा होता का, त्याने समोर पाहायला नको होते का, असे शास्त्र विचारत नाही. खड्डा कुणी उघडा ठेवला, एवढेच विचारते.

त्याच अध्यायात मारक्या बैलाविषयीही सांगितले आहे. शांत बैलाने अचानक दुसऱ्याच्या बैलाला मारले, तर दोन्ही मालकांनी नुकसान निम्मे निम्मे सोसावे. पण बैल मारका आहे हे मालकाला आधीपासून माहीत होते आणि तरी त्याने तो बांधून ठेवला नाही, तर सगळी भरपाई त्याच्यावर येते. म्हणजे माहिती झाल्यावर जबाबदारी वाढते. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात तर अपघात होण्याआधीची आज्ञा आहे : नवे घर बांधाल तेव्हा गच्चीला कठडा घाला, म्हणजे कुणी पडून मेल्याचा दोष तुमच्या घरावर येणार नाही.

मावळात हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्याकडे शेतातल्या विहिरीला कठडा नसला आणि पावसाळ्यात तिच्याभोवती गवत वाढले, की जाणती माणसे लेकरांना तिकडे फिरकू देत नाहीत. लेकरू पडले तर "त्याला डोळे नव्हते का?" असे कुणी म्हणत नाही.

ज्या फोनमध्ये बँकेचे कार्ड कायमचे नोंदवलेले आहे किंवा ज्याचा यूपीआय पिन मुलाला पाठ आहे, तो फोन म्हणजे बिनकठड्याची विहीर. कठडा घालण्याचे काम आईवडिलांचे आहे, मुलाचे नव्हे. पहिल्या वेळी आपल्याला कळले नसेल, तर ते अज्ञान. पण एकदा शंभर रुपये गेल्यावर "लहान आहे, जाऊ दे" म्हणून सोडून दिले, तर तो मारका बैल आपल्या माहितीचा झाला. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातल्या एली याजकावर देवाने हाच ठपका ठेवला. मुले काय करतात हे त्याला ठाऊक होते, तरी त्याने त्यांना आवरले नाही.

परवानगी दिली होती की नव्हती?

"आम्ही परवानगी दिली नव्हती," असे पालक म्हणतात आणि ते खरेच असते. पण आपल्या घरांकडे जरा नीट पाहू या. कान्हे, कामशेत, वडगाव या पट्ट्यात कितीतरी घरांत दोघेही कामाला जातात. कुणी तळेगावच्या कारखान्यात पाळीवर, कुणी लोकलने पुण्याला. शाळेतून मूल येते तेव्हा घरी आजी असते. विजेचे बिल भरणे, रिचार्ज करणे, गॅस नोंदवणे ही कामे सहावी-सातवीतले मूल करते. आजीला आलेला मेसेज तेच वाचून दाखवते. पिन त्याला माहीत असतो, कारण आपणच तो सांगितलेला असतो. घरातला हा बिनपगारी कारकून पैसे कसे पाठवायचे हे आपल्यापेक्षा चांगले जाणतो. फक्त ते पैसे कुणाच्या घामाचे आहेत, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

त्यात खेळाची रचनाही अशी असते, की पैसे हे पैसे वाटू नयेत. फ्री फायर मॅक्समध्ये रुपयांचे 'डायमंड' होतात, बीजीएमआयमध्ये 'यूसी' होतात. मुलाच्या डोळ्यांसमोर ऐंशी रुपये जात नाहीत, काही हिरे जातात. मोठी माणसेही याला भुलतात, तिथे अकरा वर्षांच्या मुलाची काय कथा?

मुलाचा वाटा

मग मुलाचे काहीच चुकले नाही का? तसे नव्हे. ख्रिस्तसभेचे धर्मशिक्षण सांगते, की मालकाच्या वाजवी इच्छेविरुद्ध त्याची वस्तू घेणे ही चोरी होय. पण तेच धर्मशिक्षण असेही सांगते, की अज्ञान, अनवधान, भीती, सवय अशा कारणांनी कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते. गंभीर पापाला गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि मनापासून दिलेली संमती ही तिन्ही लागतात.

म्हणून सहा वर्षांच्या मुलाने चमकणारे बटण दाबले, तर त्याला चोर म्हणणे अन्याय आहे. तेरा वर्षांच्या मुलाने दाबले आणि बँकेचा मेसेज पुसून टाकला, तर गोष्ट वेगळी. मेसेज पुसला याचाच अर्थ हे चूक आहे हे त्याला कळले होते. त्याचे वय किती यापेक्षा त्याने काय लपवले, हे पालकांनी आधी पाहावे. त्याच्या सदसद्विवेकबुद्धीची वाढ कुठवर झाली आहे, हे त्यावरून समजते. आणि ती बुद्धी जागी झाली असेल, तर "जाऊ दे, आम्ही भरू" म्हणून तिला पुन्हा झोपवणे हीही मुलाची हानीच आहे.

कंपनीचा आणि कायद्याचा वाटा

विहीर खणणाराही दोषातून सुटत नाही. मुलांनी केलेल्या अशा खरेदीबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲपल कंपनीवर कारवाई केली. पालकाने एकदा पासवर्ड टाकला, की पुढची पंधरा मिनिटे मूल हवी तेवढी खरेदी करू शकत होते आणि हे पालकांना सांगितले जात नव्हते, असा आयोगाचा आक्षेप होता. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने किमान ३ कोटी २५ लाख डॉलर ग्राहकांना परत करण्याचे मान्य केले. डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइट खेळाच्या एपिक गेम्स कंपनीने अशाच फसव्या रचनेच्या प्रकरणात परताव्यासाठी २४ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याखाली अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास पात्र नाही, आणि अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण खेळातला पोशाख किंवा बंदूक विकत घेणे हा जुगार धरला जात नाही. त्यामुळे कायदा झाला म्हणून निर्धास्त होता येणार नाही.

इथे सत्याचीही एक कसोटी आहे. पैसे परत मिळावेत म्हणून अर्ज जरूर करावा आणि लवकर करावा. पण पिन आपणच दिलेला असताना "कुणी अनोळखी माणसाने फसवले" असे लिहू नये. बाप खोटा अर्ज भरतो आहे हे शेजारी बसलेले मूल पाहत असते. त्या वेळी पैसे परत मिळाले तरी आठवी आज्ञा गमावलेली असते.

कळल्यावर काय करावे?

बारा वर्षांचा येशू यरुशलेममध्ये मागे राहिला, तेव्हा मारिया आणि योसेफ तीन दिवस त्याला शोधत होते. सापडल्यावर मारियाने आधी त्याला कारण विचारले. आपण दोघे किती व्याकूळ झालो होतो, हेही त्याला सांगितले. त्याचे उत्तर तिला पुरते उमगले नाही, तरी तिने ते अंतःकरणात जपले. येशूने काही पाप केले नव्हते आणि आपल्या मुलाने चूक केलेली असते, हा फरक आहेच. पण घाबरलेल्या आईने कसे बोलावे, याचा तो धडा आहे. मुलांना चिडवून त्यांचा धीर खचवू नका, असे संत पौलही कलस्सैकरांस लिहिताना पित्यांना बजावतो. जोगेश्वरीचा मुलगा सापडला. पण घर सोडून गेलेले प्रत्येक मूल सुखरूप सापडेलच असे नाही. पैशांचा हिशेब उद्या करता येतो. आज रात्री मूल घरात, आपल्या ताटाशी बसून जेवले पाहिजे.

त्यानंतर भरपाई. जक्कयला प्रभूने आधी जवळ केले, त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला. मग जक्कयने आपणहून चौपट परत देण्याचे कबूल केले. क्षमा आणि भरपाई या एकमेकींच्या वैरिणी नाहीत. मुलाने आपल्या वयाला झेपेल तेवढा भाग उचलावा. खाऊचे पैसे, वाढदिवसाला मिळालेली रक्कम, सुटीत घरच्या कामात हातभार, असे काहीही चालेल. खरडच्या वडिलांचा हेतू समजण्यासारखा आहे. पण कष्ट शिकवणे आणि चारचौघांत लाज काढणे यांत फरक आहे, आणि तो फरक मुलाला फार लवकर कळतो. म्हणून भरपाई घरात ठरवावी, तिला मुदत असावी, आणि ती संपली की तो विषय पुन्हा काढू नये. प्रायश्चित्त संस्कारात क्षमा झालेले पाप फादर पुढच्या वेळी आपल्याला ऐकवत नाहीत.

आईवडिलांनीही आपला वाटा मुलासमोर मान्य करावा : "पिन आम्ही दिला होता, लक्ष आम्ही ठेवले नाही." याने पालकांचा मान कमी होत नाही. उलट, चूक कशी कबूल करायची हे मूल त्यातूनच शिकते.

कठडा कसा घालावा?

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पालकांसाठी सूचना काढल्या. त्यांचा सारांश साधा आहे : पालकांच्या संमतीशिवाय खेळात खरेदी होऊ देऊ नये आणि ॲपवर कार्ड नोंदवून ठेवू नये. याला आपण काही गोष्टी जोडू या. प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागितला जाईल, अशी सोय फोनमध्ये करून घ्यावी. व्यवहारासाठी वेगळे खाते ठेवून त्यात थोडेच पैसे ठेवावेत. बँकेचे मेसेज आठवड्यातून एकदा स्वतः वाचावेत. वाचता येत नसतील, तर मुलाकडूनच, पण शेजारी बसून वाचून घ्यावेत. कुणी परक्याने खरोखरच फसवले असेल, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

पण कठडा कितीही उंच केला, तरी मूल एक दिवस त्याच्यापेक्षा उंच होणारच. परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात पालकांना हेच समजावले आहे, की मुलाच्या प्रत्येक पावलावर पहारा ठेवणे म्हणजे शिक्षण नव्हे. त्याच्या स्वातंत्र्याला परिपक्व करणे हे खरे काम आहे. त्यासाठी मुलाला घरचा हिशेब दाखवावा. पगार किती, भाडे किंवा हप्ता किती, आजीच्या गोळ्यांना किती, शिल्लक किती. ज्या मुलाला आजीच्या गोळ्यांची किंमत माहीत आहे, त्याला हिऱ्यांचीही किंमत कळू लागते.

या आठवड्यात एका संध्याकाळी, जपमाळ झाल्यावर फोन बाजूला ठेवून दहा मिनिटे मुलांसोबत हे बोलू या. अजून काही घडलेले नाही, तोवरच हे बोलणे सोपे आहे. नाझरेथच्या पवित्र कुटुंबाच्या मध्यस्थीने आपल्या घरांना सावधपणाही लाभो आणि क्षमाशीलताही लाभो.