झाडांसारखी माणसे
शास्त्रभाग : मार्क 8:22-26



मनगटाची शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, रात्रीची कळही थांबली. पण बोटांची बधिरता व मुंग्या काही गेल्या नाहीत, अशी माणसे आपल्या मंडळ्यांत आहेत. उपासनेत त्यांच्यासाठी उपकारस्तुती होऊन गेलेली असते. मग कोणी विचारले की, "देवाच्या कृपेने बरा आहे हात," असे म्हणून ती भगिनी तो हात पदराखाली घेते. हे लपविणे आम्हांला बरे वाटत नाही.

बेथसैदाच्या आंधळ्याकडे पाहा. त्याची हकिगत एकटा मार्कच सांगतो. प्रभूने त्याच्यावर हात ठेवून काही दिसते काय असे विचारले. त्याला माणसे दिसली, पण चालत्या झाडांसारखी. साक्षात प्रभू विचारीत असताना त्याने भिडेखातर वाढवून सांगितले नाही. आणि प्रभूनेही त्याला अल्पविश्वासी म्हटले नाही, पुन्हा हात ठेवले. शब्बाथशाळेत हा पाठ घेताना आपण शेवटच्या स्वच्छ दृष्टीकडे घाईने धावतो. शिक्षकांनी मुलांना त्या मधल्या उत्तरापाशी जरा थांबवावे.

आता हाताविषयी. मनगटातील अरुंद बोगद्यातून एक मोठा मज्जातंतू बोटांकडे जातो. शस्त्रक्रियेत त्यावरचा जाड पट्टा कापून दाब काढतात. दाब त्याच दिवशी जातो. दबून इजा झालेला तंतू त्याच दिवशी बरा होत नाही. त्याच्या आतील तुटलेले धागे रोज सुमारे 1 मिलिमीटर वाढतात, म्हणजे महिन्याला जेमतेम 1 इंच. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत आपलाच हात मोजून पाहा. सहा महिने, कधी वर्षही का लागते, ते कळेल. मुंग्या तर नेहमी वाईट नसतात. 1915 साली, महायुद्ध पेटलेले असताना, फ्रान्समधील टिनेल व जर्मनीतील हॉफमन या दोन डॉक्टरांनी शत्रुराष्ट्रांत राहून एकच गोष्ट नोंदविली : जखमी मज्जातंतूवर टिचकी मारल्यावर मुंग्या उठल्या, तर तो पुन्हा वाढत असण्याचे ते लक्षण असते.

तरी खोटा दिलासा कोणी देऊ नये. दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढले असेल, अंगठ्याच्या बुडाचे मांस झडले असेल, तर थोडी बधिरता कायमही राहते. मधुमेह किंवा मानेत दबलेली शीर हेही कारण असू शकते. बधिरता वाढत असेल, नव्या जागी येत असेल, अंगठ्याची पकड ढिली होत असेल, तर डॉक्टरांकडे परत गेलेच पाहिजे. 'साक्ष देऊन बसले, आता कोणत्या तोंडाने जाऊ?' हा संकोच त्या आंधळ्याला नव्हता.

आणखी एक. बधिर बोटांना तव्याचा चटका वेळेवर कळत नाही. येत्या प्रीतिभोजनात अशा भगिनीला चुलीपाशी उभे करू नका. तिच्याजवळ बसा, हात कसा आहे ते विचारा, आणि ती काय सांगते ते पुरते ऐकून घ्या.