शून्य कुणी पाहिलं?

आमच्या आयसीयूच्या फलकावर दर महिन्याला मी एक आकडा लिहिते: दर १००० लाइन-दिवसांमागे सेंट्रल लाइनमुळे (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे) रक्तात झालेले संसर्ग. शून्य आला की मेट्रन पेढे मागवतात. मला मात्र प्रश्न पडतो, न झालेली गोष्ट कळते कशी?

आपल्या दर्शनकारांनी यावर बरंच डोकं झिजवलंय. वैशेषिक परंपरेत पुढे अभाव हा सातवा पदार्थ ठरला. कुमारिल भट्टांनी तो जाणायला अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं, हे ज्ञानाचं वेगळं प्रमाणच मानलं. अट कडक: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. अंधारात घागर दिसली नाही, म्हणून ती नाही असं होत नाही.

डॉक्टर सेमेलवाइसने १८४७ मध्ये व्हिएन्नात क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू घटले हे कळलं, कारण आधीचे मृत्यू वहीत होते. वाचली नेमकी कोण, हे वहीही सांगत नाही. माझ्याकडेही संसर्ग न झालेला रुग्ण फक्त छेदात असतो, मग पुण्य कुणाच्या खात्यावर मांडायचं? (मांडूच नये, असं माझं मत.)

एका वॉर्डाचा शून्य मला कायम खुपतो. ताप आला की तिथे आधी अँटिबायोटिक चढतं. ब्लड कल्चरच्या बाटल्या कपाटातच, मग संसर्ग सापडणार कसा? शेजारचा वॉर्ड औषधाआधी दोन्ही हातांतून नमुने घेतो आणि बैठकीत बोलणी तोच खातो. परवा पहिल्या वॉर्डाच्या इन्चार्जना म्हटलं, "सिस्टर, तुमचा शून्य मी धरणार नाही. आधी बाटल्या पाठवा." त्या अजून रुसल्यात.