बसायला जागा

मुंबईच्या लोकलमधलं सेकंड क्लासचं बाक तिघांसाठी केलेलं आहे आणि त्यावर चौघं बसतात. रेल्वेने असा नियम कधी केलेला नाही, डब्यात तशी पाटी नाही, तरी शहरात नवा आलेला माणूससुद्धा आठवड्याभरात हा कायदा शिकतो. चौथ्याच्या वाट्याला एका मांडीपुरती जागा येते. दुसरी मांडी अधांतरी, एक पाय वाटेत रोवलेला, आणि गाडीने रूळ बदलले की शेजाऱ्याच्या बरगड्यांशी ओळख. कुठलाही हाडांचा डॉक्टर म्हणेल, यापेक्षा उभे राहा. पण चौथी सीट मिळालेल्या माणसाचा चेहरा बघा. नवा सोफा घरात आल्यावर कुणाचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिलेला नाही.

मला जास्त कुतूहल आहे ते ती सीट देणाऱ्या तिघांचं. 'जरा सरका' म्हटलं की ते सरकतात. कपाळाला आठी घालतील, मोबाइलवरची नजर काढणार नाहीत, पण सरकतील. बायकांच्या डब्यात तर हा व्यवहार आणखी पुढे गेलेला आहे. चढल्या चढल्या विचारायचं, 'कुठे उतरणार?' समोरची म्हणते, 'ठाणे.' 'मग तुमच्यानंतर मी.' झाला करार. ना कागद, ना साक्षीदार. ठाण्याला उठताना ती बाई त्या दुसरीला डोळ्यांनी बोलावते, आणि मधेच कुणी तिसरी टेकू लागली तर अख्खा डबा तिला कायदा समजावून सांगतो. फर्स्ट क्लासात बाकाला गादी असते, तिकीट कितीतरी पट असतं, आणि चौथ्यासाठी सरकणं फारच नाखुशीने होतं. गादी आली की सरकायची सवय जाते, असा माझा एक अर्धकच्चा सिद्धांत आहे.

एसटीचा कायदा वेगळा. तिथे माणसाआधी त्याचा रुमाल प्रवास सुरू करतो. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून टोपी, पिशवी, कधी पोरगंसुद्धा आत जातं, आणि त्या वस्तूचा जागेवरचा हक्क बहुतेक जण मान्य करतात. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली. सुरुवातीच्या त्या गाड्यांची बॉडी लाकडी होती आणि बैठकी काथ्याच्या. आज एसटीच्या हिरकणी गाडीला 'निम-आराम' म्हणतात. अर्धाच आराम देऊ, एवढं सरळ आश्वासन देणारी दुसरी संस्था मला माहीत नाही.

या सगळ्या धक्काबुक्कीत एक गोष्ट नजरेआड होते. बसायची जागा ही आपल्याकडे मुळात सोयीची बाब नव्हतीच. ती पायरी होती. कोण ओटीवर, कोण पडवीत, कोण अंगणात, कोण अंगणाबाहेर, हे बसण्याआधीच ठरलेलं असे. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला बसायला घरून आणलेलं गोणपाट होतं आणि शाळा सुटल्यावर ते घरी न्यावं लागे, कारण शिपाई त्याला हात लावत नसे. त्याच मुलाच्या 1901 सालच्या प्रवासाची हकीकत बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे स्वतः लिहून ठेवली. वडील नोकरीनिमित्त खटाव तालुक्यातल्या गोरेगावी होते आणि त्यांना भेटायला मुलं निघाली. नवे कपडे, नव्या टोप्या, आगगाडीचं अप्रूप. मसूर स्टेशनापर्यंत काही अडलं नाही. तिकीट होतं, गाडीत बसले, उतरले. अडलं ते पुढे. मुलं महार आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बरोबर पायी चालायचं, या बोलीवर एक जण तयार झाला. एकाच प्रवासातली ही दोन वाहनं. एकाने पैसे घेऊन जागा दिली. दुसऱ्याने दुप्पट पैसे घेतले आणि त्यांच्या शेजारी बसायचं नाकारलं.

रेल्वे म्हणजे समतेचा रथ होती, असं मात्र नाही. साहेबी राज्यात वर्गांची उतरंड डब्याडब्याला रंगवलेली होती, आणि तिसऱ्या वर्गाच्या हालांवर गांधीजींना 1917 साली पुस्तिका लिहावी लागली. पण ही उतरंड पैशांची होती, आणि पैशांची पायरी निदान चढता येते. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात शेजारी कोण येऊन बसेल हे ठरवायची सोय कुणालाच नव्हती. सोवळं सांभाळणाऱ्यांची त्यात केवढी पंचाईत झाली असेल! तरी ते बसले, कारण पर्याय बैलगाडीचा होता. आपल्या समाजातलं पुष्कळसं परिवर्तन असं मनाविरुद्ध, पण वेळ वाचतो म्हणून झालेलं आहे.

1974 मध्ये तिसरा वर्ग नावापुरता गेला. बाकं लाकडीच राहिली. रात्रभर प्रवास करणारा माणूस सकाळी उतरायचा तेव्हा फळ्यांच्या फटी त्याच्या पाठीवर उमटलेल्या असत. मग 1977 साली राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंच फोम घालायचं ठरवलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस वर्गविहीन गाडी म्हणून सुरू झाली. वरच्या वर्गाची गादी काढून घेण्यापेक्षा खालच्या वर्गाला गादी देणं, ही त्यांची समाजवादाची व्याख्या होती. मोठमोठ्या घोषणा हवेत विरल्या. हे दोन इंच मात्र टिकले आणि हळूहळू सगळीकडे गेले. आपल्या राजकारणाच्या इतिहासात पक्ष किती फुटले याचा हिशोब मिळतो. कोणत्या निर्णयाने किती पाठी सुखावल्या हे कुणी मांडत नाही.

आता घरात या.

बाहेर तिकीट काढून मिळणारी जागा घरात नात्यावर मिळे. जुन्या घरांतली पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची आरामखुर्ची आठवा. तिच्यावर घरातल्या कर्त्या पुरुषाचा मालकी हक्क असे. तो बाहेर गेला की पोरं चोरून बसत आणि पायरीवर पावलं वाजली की उठत. आजी मात्र त्या खुर्चीत बसलेली कुणाच्या आठवणीत नसते. ती पाटावर, जात्यापाशी, माजघराच्या उंबऱ्याशी, नाहीतर सरळ जमिनीवर. पहिल्यांदा हक्काने, कुणाची परवानगी न घेता, पाय खाली सोडून खुर्चीसारख्या आसनावर बसण्याचा अनुभव कितीतरी बायकांना घरात आलाच नाही. तो एसटीत किंवा लोकलच्या बायकांच्या डब्यात आला असणार. एसटीने 2023 मध्ये बायकांना अर्धं तिकीट केलं तेव्हा 'बायका उगाच फिरायला लागल्या' अशी कुरबुर ऐकू आली. उगाच फिरणं म्हणजे घरातल्या कुणाचंही काम न करता तीन तास खिडकीशी बसणं. त्याची किंमत कुरकुरणाऱ्यांना कशी कळावी?

आरामखुर्ची गेली आणि फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफासेट आला. तीन अधिक एक अधिक एक. हा सेट घरच्यांसाठी कधीच नव्हता. त्यावर आधी प्लास्टिक, मग खोळी, मग क्रोशाचे रुमाल. पाहुणे येऊन गेले की खोळी पुन्हा ताणून नीट करायच्या. आणि घरची माणसं? ती संध्याकाळी टीव्हीसमोर जमिनीवर बसतात आणि सोफ्याला पाठ टेकतात. पन्नास-साठ हजारांचं टेकण! मला हे हास्यास्पद वाटत नाही, कारण यात शरीराचा निवाडा आहे. बाजारातल्या सोफ्याची बैठक जमिनीपासून सतरा-अठरा इंच उंच असते आणि बावीस-चोवीस इंच खोल. पाच फूट उंचीच्या बाईच्या गुडघ्यामागची खोबण जमिनीपासून साधारण पंधरा इंचांवर येते. तिने पाठ टेकली तर पाय लोंबकळतात, पाय टेकवले तर पाठ अधांतरी राहते. मग ती पाय वर घेऊन मांडी घालते, आणि कुणीतरी म्हणतं, सोफ्यावर नीट बस. नीट बसायला तो सोफा तिच्या मापाचा कुठे आहे? भारतीय शरीरांची मापं कुणी घेतलीच नाहीत असंही नाही. देबकुमार चक्रवर्ती यांचं अशा मापांचं पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 1997 सालीच काढलं. दुकानांपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही.

दुकानात पोचलाय तो 'डेन्सिटी' हा शब्द. दिल्लीच्या कीर्तिनगरला जा, उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जा, विक्रेता पहिल्या मिनिटाला सांगतो, 'फोर्टी डेन्सिटीचा फोम आहे मॅडम.' म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन चाळीस किलो. त्यावरून फोम किती वर्षं दबणार नाही याचा थोडा अंदाज येतो. तो मऊ आहे की टणक, हे वेगळं माप असतं आणि ते सहसा कुणी सांगत नाही. गिऱ्हाईक हाताने दाबून बघतं. कंबरेने वापरायची वस्तू तळहाताने पारखायची, अशी आपली पद्धत. फार झालं तर दोन मिनिटं टेकतं, आणि दोन मिनिटांत कुठलाही मऊ सोफा छानच वाटतो. खोल, मऊ बैठकीत माकडहाड पुढे घसरतं, कंबरेचा बाक उलटा होतो आणि चाळीसाव्या मिनिटाला पाठ बोलू लागते. तोवर टेम्पो घरी येऊन गेलेला असतो. सोफा घ्यायला जाताना वर्तमानपत्र घेऊन जावं आणि अग्रलेखासकट वाचावं, असं माझं मत आहे. विक्रेता चिडेल. चिडू दे.

ज्यांना दिवसभर बसावंच लागतं ते काय निवडतात हे पाहण्यासारखं आहे. टॅक्सी आणि ट्रकवाल्यांच्या सीटवर लाकडी मण्यांचं आसन दिसतं. कंपनीने दिलेल्या मऊ गादीवर त्यांनी स्वतःच्या पैशांनी कडक मणी अंथरलेले असतात, कारण मण्यांमधून वारा खेळतो आणि अंग थोडं थोडं हलत राहतं. एसटीच्या बाकाचंही तेच. बाक कडक आहे हे खरं, पण खड्डे, गतिरोधक आणि कंडक्टर मिळून तुम्हाला एका ठेवणीत दहा मिनिटं राहू देत नाहीत. म्हणून एसटीतून उतरल्यावर अंग ठेचकाळतं, आणि रविवारी दिवसभर सोफ्यावर राहिल्यावर ते आखडतं. या दोन दुखण्यांत मी पहिलं निवडेन, पण हा आवडीचा प्रश्न झाला.

माझ्या पाहण्यातली सर्वांत समतावादी बैठक यांतली कुठलीच नाही. ती आहे साच्यातून एका दमात निघणारी प्लास्टिकची खुर्ची. दिसायला सामान्य, उन्हात तडकणारी, पण लग्नात, ग्रामसभेत, मयताच्या दारात सगळ्यांना सारखी. एकाला खुर्ची आणि बाकीच्यांना सतरंजी, ही जुनी व्यवस्था तिने कुठलीही चळवळ न करता बरीचशी मोडली. आता व्यासपीठावर पुढाऱ्यांसाठी मखमली सोफे ठेवतात, ते बहुधा त्यामुळेच. खाली सगळेच खुर्चीवर बसायला लागल्यावर वर काहीतरी निराळं लागणारच.

पण फर्निचरच्या दुकानात अजून एक जण असतो ज्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही. शंभर-दीडशे बैठकींच्या मधोमध तो, किंवा ती, सकाळी दुकान उघडल्यापासून उभी असते. गिऱ्हाईक नसतानाही बसायचं नाही, हा कितीतरी दुकानांतला न लिहिलेला नियम. साड्यांच्या दुकानांतही तेच, सोन्याच्याही. केरळमध्ये कोळिकोडच्या बाजारातल्या विक्रेत्या बायकांनी यावर आवाज उठवला, 'पेन्‌कूट्टु' ही त्यांची संघटना वर्षानुवर्षं भांडली आणि 2018 साली तिथल्या दुकानांच्या कायद्यात बसायची सोय देणं मालकावर बंधनकारक झालं. 2021 मध्ये तमिळनाडूने तसाच कायदा केला. खुर्ची द्या, असं सांगायला विधानसभा लागते.

आपल्याकडची अशी एखादी मुलगी रात्री शटर पडल्यावर दादरला येते. तिला जायचं असतं बदलापूरला. तिकडची गाडी दादरला भरूनच येते, तिच्यात उभं राहायलाही जागा नसते. म्हणून ती आधी उलट्या दिशेची गाडी पकडते, सीएसएमटीला जाते आणि तीच गाडी परत फिरते तेव्हा बसलेली असते. पास दादरपर्यंतचा पुरला असता. ती मुद्दाम सीएसएमटीपर्यंतचा काढते. वरचे पैसे आणि रोजचा जास्तीचा वेळ तिने हिशोबात धरलेला असतो. दिवसभर शंभर सोफ्यांमध्ये उभं राहून मिळवलेल्या पगारातून ती महिन्याच्या महिन्याला स्वतःसाठी एक बैठक विकत घेते. दादरला कुणी 'सरका' म्हटलं की त्यातली थोडी चौथीला देते.